डाव्या मनगटाचा एक्स-रे

अकरा वर्षांच्या मुलीच्या मनगटाच्या एक्स-रेमध्ये हाडांची वाढ पुरती संपलेली दिसत होती. मुलगी मात्र सहा महिन्यांत चार सेंटीमीटरने उंच झाली होती आणि तिचे दुधाचे दोन दात अजून पडायचे होते.

दंतवैद्य बाईंनी एक्स-रे दोनदा उजेडासमोर धरला. "वाढ चालू असती, तर तोंडात प्लेट बसवून हिचा मागे राहिलेला जबडा पुढे आणता आला असता. हा एक्स-रे खरा मानला, तर ती वेळ गेली. मोठेपणी जबडा कापून पुढे सरकवणे, एवढाच मार्ग उरतो."

"कापून?" आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, आता तरी सांग," मुलगी म्हणाली. मग तिनेच सांगून टाकले, "बाई, तो हात आईचा आहे."

बाईंनी एक्स-रे टेबलावर ठेवला. "आणि एक्स-रे काढणाऱ्याने हे चालवून घेतलं?"

"त्याने पेशंटचं नाव विचारलं, हात कुणाचा ते कुठं विचारलं?" आई पुटपुटली. "तुमच्या चिठ्ठीतही डावा हात एवढंच होतं. मी डावाच ठेवला."

"अहो, पण का?"

आईने सांगितलेले कारण बाईंनी केसपेपरवर जसेच्या तसे उतरवले: एक्स-रेच्या किरणांनी मुलीची वाढ खुंटेल, अशी आईला भीती वाटली.