गव्यासाठी हलकी लेन्स

"ही नको. गळ्यात वरवंटा बांधल्यागत वाटतंय," म्हणत दादांनी कॅमेरा काउंटरवर ठेवला.

यज्ञेश्वरला हायसं वाटलं. हातात न थरथरणारी हलकी लेन्स मिळाली तरच दादांनी दाजीपूरच्या जंगलात जायचं, नाहीतर नाही, असं घरातून निघतानाच ठरलं होतं. मास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून वडिलांनी गव्याच्या फोटोचा ध्यास घेतला होता, आणि जायचं तेही एकट्यानं! त्यात गेल्या महिन्यात ते जिन्यात घसरले. पायरी ओली होती म्हणाले. तेव्हापासून यज्ञेश्वरच्या आईच्या, माईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"अरे, गवा अंगावर आला तर पळणार आहेत का ते?" निघताना तिनं पुन्हा डोळे पुसले होते.

"मास्तर, हलकी हाय की एक," दुकानदार बाळासो म्हणाला. "जुनी हाय, पर झूम झकास. पार डोंगरावरचा गवा दारात आणून बांधतीया बघा!"

त्यानं लेन्स बदलून कॅमेरा दादांच्या गळ्यात अडकवला आणि पिशवी शोधायला आत गेला.

दादा चाचपडत उंबऱ्याशी गेले. आयुष्यभर ते याच रस्त्यानं शाळेला गेले होते. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. यज्ञेश्वर पाठीमागे, त्यांच्या कोपराखाली हात धरून उभा राहिला. आता कापतील, मग कापतील. छे! हात दगडासारखे स्थिर.

"काय दिसतंय, दादा?"

"समोरच्या दुकानाची पाटी. 'कालिंदी वस्त्रभांडार. आमची कुठेही शाखा नाही.'" दादा रिंग फिरवत हसले. "खाली बारीक अक्षरात 'सोमवारी बंद.' लख्ख दिसतंय रे!"

यज्ञेश्वरनं डोळे बारीक केले. त्याला स्वतःला ती खालची ओळ काही लागेना. उगीच घाबरून मेलो आपण, त्याला वाटलं. म्हातारा अजून खणखणीत आहे की!

"घ्या हीच," तो म्हणाला. "उद्याच्या एसटीनं खुशाल जा. माईला मी समजावतो."

"खरंच?" दादांनी विचारलं, पण कॅमेरा काही त्यांनी खाली घेतला नाही.

तो उतरवून घ्यायला यज्ञेश्वर त्यांच्या पुढ्यात आला. लेन्सवरचं काळं झाकण अजून काढलेलंच नव्हतं.