गुरुवारची हजेरी

डिचोलीच्या बारा निवृत्त पोलिसांचे मंडळ दर गुरुवारी आमच्या सोप्यात जेवायचे. जेवणाआधी हजेरी व्हायची. जो देवाघरी गेला, त्याच्या नावाला बाकीच्यांनी "हजर" म्हणायचे, असा त्यांचा नेम.

आता एकटे आमचे हेच उरलेत. काल माझा उपवास होता. बारा खुर्च्या मांडून मी एकच पान वाढले.

"अहो, खतखते निवतेय."

"थांब गो! हजेरीशिवाय पोलीस जेवत नाही."

त्यांनी अकरा नावे वाचली, अकरा वेळा स्वतःच "हजर" म्हणाले. शेवटी स्वतःचे नाव वाचले, जे मी कधी तोंडाने घेत नाही.



ते काही बोलण्याआधीच अकरा रिकाम्या खुर्च्यांवरून एकदम आवाज आला, "हजर!"