अर्धा शब्द

"तुम्ही त्यांच्या कोण?" नर्सने विचारलं.

ते माझे डोक्टरफाटर, असं मुक्ता सांगणार होती. जर्मनीत पीएच.डी.च्या मार्गदर्शकाला असंच म्हणतात, डॉक्टरकीतला बाप. पण दारावरची पाटी तिने वाचली होती: फक्त जवळचे नातेवाईक. म्हणून पहिला अर्धा शब्द तिने गिळला.

"फाटर," ती म्हणाली. "मी त्यांची मुलगी."

नर्सने तिच्या काळ्याभोर केसांकडे पाहिलं, जराशी घुटमळली आणि बाजूला झाली. मुक्ताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचे स्वतःचे बाबा तिच्या जन्माआधीच गेलेले. 'मी त्यांची मुलगी' हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा तोंडून निघालं, तेही धडधडीत खोटं. पण दुसरं करणार काय? हाइनेके सरांना ना बायको, ना मूल. ती आत शिरली नसती तर बिचाऱ्यांचा जीव एकटेपणातच गेला असता.

बाहेर येना शहराचं नोव्हेंबरातलं धुकं, भर दुपारी दिवे लागलेले. सर डोळे मिटून पडले होते. श्वास मध्येच थांबे, मग कसाबसा पुन्हा सुरू होई.

निवृत्तीनंतर सरांनी कुणालाच हाताखाली घेतलं नव्हतं. मुक्ताला मात्र एका ईमेलवर हो म्हणाले. विषय होता युद्धानंतर इथे शिकायला आलेले परदेशी विद्यार्थी. तो आईनेच सुचवलेला. ऐंशीच्या सुमारास तीही इथे, तेव्हाच्या पूर्व जर्मनीत, दोन वर्षं सरांकडे शिकून गेली होती. सर त्या काळच्या हॉस्टेलच्या गोष्टी रंगवून सांगत. एका शेगडीवर चार देशांचा स्वयंपाक, कोळशाचा धूर, संत्र्यांसाठी रांगा. आणि कोर्स संपला की चालते व्हा, कोण कुणात किती गुंतलंय हे सरकार विचारत नसे. गोष्ट इथवर आली की ते विषय बदलत.

एकदा तिने डब्यातून ओट्सचे पोहे नेले होते, अगदी आईच्या पद्धतीचे. सरांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "लिंबू विसरलीस." तेव्हा तिला केवढं हसू आलं होतं.

फोन थरथरला. पुण्याहून आई.

मनोरमाबाई म्हणजे भलती ताठ बाई. कुंकवावरून नाकं मुरडणाऱ्या नातेवाइकांना तिने कधी भीक घातली नाही. कॉलेजातल्या प्रिन्सिपॉललाही खुशाल नावाने हाक मारायची. हाइनेके सरांचं नाव मात्र तिच्या तोंडी कधी येत नसे. 'ते' बरे आहेत ना, 'ते' वेळेवर जेवतात ना. मुक्ताला वाटे, जुन्या विद्यार्थिनीचा आदर.

"आत सोडलं का गं?"

"सोडलं. पण खोटं बोलले, आई. त्यांची मुलगी आहे म्हणून सांगितलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बरं केलंस," आई म्हणाली. "फोन त्यांच्या कानाशी धर."

"जर्मनमध्ये बोल हं. त्यांना मराठी कुठे कळतंय."

"धर तू."

मुक्ताने स्पीकर चालू केला आणि फोन उशीवर ठेवला.

"अहो," आई म्हणाली, "ऐकलंत का?"