खरवडलेली जागा

नोंदणी दुसऱ्या राज्यात होऊन नवा नंबर मिळणार म्हणून हिमायतनगरच्या प्रतापरावांनी ट्रेलर हौसेनं रंगवून घेतला होता. सूर्यभान मिस्त्रींनी त्याचे ब्रेक नि दिवे जोडले. रंगातून करंट जात नाही, म्हणून त्यांनी चॅसीवरचा रुपयाएवढा रंग खरवडला आणि तिथं बोल्टनं अर्थची वायर आवळली. दिवे लागले. दुसऱ्या दिवशी बंद! असं तीनदा झालं.

"आज अकराला आरटीओत पासिंग आहे, मिस्त्री. परेशान करून सोडलंत!" प्रतापराव कडाडले. "वर रोज नवा रंग खरवडता! मीच बिचारा बोल्ट काढतो, खाली रंग लावतो, परत आवळतो. तुमचं नाव खराब नको म्हणून कुणाला बोललोसुद्धा नाही."

सूर्यभाननी पाना बाजूला ठेवला आणि आधी रंगाचा डबा उचलून आपल्या स्कूटरच्या डिकीत बंद केला.