मेलेली तार

जुनी शाळा पाडण्याआधी आतल्या तारा कापायला लाइनमन सुलेमान मुलाणी आला होता. प्रयोगशाळेच्या भिंतीवर काळपट तारेचं मोठं कडं टांगलेलं होतं, पण ते कशालाच जोडलेलं नव्हतं. त्याने मीटर लावला. शून्य व्होल्ट. म्हणजे तार मेलेली. त्याने पक्कड उघडली.

“भाऊ, आधी करंट तरी बघा,” दारातून विशाखाताई म्हणाल्या. त्यांचे वडील इथे विज्ञान शिकवायचे आणि ही तार त्यांनीच घरी बनवली होती.

सुलेमानने हसत करंट मोजणारा क्लॅम्प मीटर तारेभोवती अडकवला. चार अँपिअर! त्याने मीटर बदलून पाहिला. तरीही चारच.

शून्याला चारने भागलं, रोध शून्य. शून्याला चारने गुणलं, तारेत जळणारी वीज शून्य. सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं उत्तर त्याला कधी आलं नव्हतं.

“हा करंट सोडलाय कुणी, ताई?”

“बाबांनी. कड्याची टोकं जुळवताना आत लोहचुंबक ठेवला आणि मग तो एकदाच बाहेर ओढला, तेव्हापासून करंट फिरतोच आहे. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली.”

सुलेमानने पक्कड पिशवीत ठेवली. कामावर असताना रबरी बूट त्याने जन्मात कधी काढले नव्हते. ते त्याने कड्यासमोर उतरवून ठेवले.