धुतलेला पुरावा

वृद्धाश्रमात आईचे फार हाल झाले म्हणून मुलीनं तिला घरी आणलं आणि मला, वकीलबाईला, बोलावलं. मी पोचले तर म्हातारी न्हाऊन, वेणी घालून, इस्त्रीच्या गाउनमध्ये बसलेली. “फोनवर म्हणालात तो मळका गाउन कुठाय?” “फेकला. परकं माणूस येणार, आईला तसं कसं दाखवू?” मी कपाळावर हात मारला. “अहो, पोलिसांत तक्रार करता येईल, भरपाईचा दावा ठोकता येईल, पण कोर्टाला दाखवायचं काय? फोटो तरी काढलेत?” ती फणकारली, “स्वतःच्या आईचे तसले फोटो?” आता हिला काय सांगणार! मी पर्स उचलली. तिनं आईला पलंगावर निजवलं. तशी म्हातारीनं दोन्ही हात आपणहून उशाकडे नेले, मनगटं कठड्याला टेकवली. डोळे मिटून पुटपुटली, “बांध बाई. आज नाही ओरडणार.” मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, “काढा फोटो.”