सीटवरचं वजन

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरातली खुर्ची करकरली. भाजी चिरता चिरता आई वळली. पाच वर्षांची लेक खुर्चीत बसून, तोंडाने घर्र घर्र करत बाबाचं माती उचलायचं यंत्र, लोडर, चालवत होती. मग ती टुणकन उतरली, मिठाची पिशवी खुर्चीत ठेवली आणि टेबलाखाली शिरली.

"अगं ए ऑपरेटरबाई, माझं मीठ कुठे पळवलंस?"

"पळवलं नाही, बसवलंय! हे टेबल म्हणजे माती भरायची बकेट, वर उचललेली. मी तिच्याखालचा दगड काढतेय ना. बाबा पण सीटवर वाळूची पिशवी ठेवतो. नाहीतर उतरलं की यंत्र बंदच पडतं, परत सुरू करत बसावं लागतं. पण हे तुला सांगायचं नाही म्हणालाय."

आईच्या हातातली सुरी थांबली. नवरा पाया खोदायच्या कामावर लागला तेव्हा भीतीने तिचा जीव टांगणीला लागला होता. "वेडाबाई, मी सीटवरून उठलो की यंत्र हूं की चूं करत नाही," असं तो हसून म्हणाला होता. त्या एका वाक्याच्या भरवशावर ती वर्षभर निर्धास्त झोपली होती.

आत्ता तो कामावरच होता. तिने फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. तो उचलेना.

टेबलाखालून लेकीने डोकं बाहेर काढलं.

"आई, मी तर इथे खाली आहे. पण यंत्राला वाटतंय, मी वरच बसलेय. मग बकेट खाली यायला लागली, तर ते थांबेल कसं?"